माझी तीन मस्कतं

आपल्या खानदेशात तीन मस्कतं आहेत आणि तिन्हींचा बाप मी आहे. चौथं समुद्रापलीकडे आहे, ते माझ्या आधीचं; त्याचा जाब मला विचारू नये. माझ्या तिघांतलं एक धरणगाव आणि अमळनेरच्या मधे, दुसरं नरडाण्याजवळ आणि तिसरं तापीपलीकडे, शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. या तिन्ही ठिकाणची माणसं एकमेकांची कोणी लागत नाहीत. हे वाक्य मी फार पूर्वी, मोठ्याने, माईकवर बोलायला हवं होतं. माईक हातात आला तेव्हा मी नेमकं उलटं बोललो, आणि त्यापायी गेल्या उन्हाळ्यात एका गुणी मुलीचं लग्न मोडायला निघालं. म्हणून आता सगळं सरळ लिहून टाकतो. मनावर ओझं आहे, पण खरं सांगू का, आठवलं की हसूही आवरत नाही.

मी वायरमन होतो. शेतात दोन खांबांवर बसवलेला ट्रान्स्फॉर्मर असतो ना, त्याला आमच्याकडे लहानथोर सगळे डीपी म्हणतात. वीज दीपनगरच्या वीजकेंद्राची असो की आणखी कुठली, शेतकऱ्याच्या लेखी ती डीपीतून जन्माला येते. आणि डीपीला नाव लागतं. नाव नसेल तर फ्यूज उडाला हे सांगणार कसं, आणि मी सायकल कुठे हाणणार?

धरणगावच्या बाजूला पहिली डीपी बसली तेव्हा तिच्यावर चार विहिरी होत्या आणि चार मालक. प्रत्येकाला डीपी आपल्या नावाची हवी होती. एकाच्या नावाने डीपी झाली की बाकीच्या तिघांना जन्मभर "तुना बापनी डीपी शे का?" हे ऐकावं लागणार, म्हणून चौघेही बांधावर ठाण मांडून बसलेले. दुपार कलली. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. बांधावर एक म्हातारं डाळिंबाचं झाड होतं, मस्कत जातीचं, पांढुरक्या दाण्याचं. ते नेमकं दोन शेतांच्या मधे असल्यामुळे कोणाचंच नव्हतं. मी म्हटलं, "हिचं नाव मस्कत. बोला, कोणाच्या बापाचं आहे?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मस्कत कोणाच्याच बापाचं नव्हतं. भांडण तिथेच मिटलं आणि मला भाकरी मिळाली. घरी येऊन गोडेतेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला, त्यात तीन अक्षरं कोरली, आणि दुसऱ्या दिवशी खांबावर लाल रंगाने मस्कत उठवलं. आयुष्यात एवढा हुशार मी पुन्हा कधी झालो नाही. पुढे जे केलं ती हुशारी नव्हती, आळस होता.

बदली नरडाण्याला झाली. तिथे नवी डीपी, आणि तेच भांडण. फक्त मालक पाच. मी पिशवीतून पत्रा काढला आणि ब्रश फिरवला. एकाने विचारलं, "भाऊ, हाई काय लिखं?" मी म्हटलं, "मस्कत." तो म्हणाला, "बरं." डाळिंबाचं झाड तिथे औषधालाही नव्हतं. मग बदली शिरपूरच्या वर झाली. तिथे भांडणसुद्धा नव्हतं. पावसावर शेती करणारी, मोहाची फुलं आणि तेंदूपानं गोळा करणारी माणसं; लाईट येते आहे याचाच त्यांना आनंद होता, नाव काय लागतं याचं सोयरसुतक नव्हतं. तरी मी पत्रा लावलाच. हात सरावला होता.

पुढचं माझ्या हाती राहिलं नाही. डीपी आली तशा मोटारी आल्या, पाणी आलं, राखणीला लोक मळ्यात राहू लागले, झापांची घरं झाली, घरांवर पत्रे आले, पत्र्यांचे स्लॅब झाले. "कुठे निघाला?" "मस्कतवर." मग "मस्कतला." बसचा कंडक्टर ओरडू लागला, "मस्कतवाले, पुढे या!" शाळा आली, तिच्या भिंतीवर मस्कत. आणि एक दिवस पाहतो तर तिथल्या माणसांनाच लोक मस्कत म्हणायला लागलेले: "ते दोन मस्कत उनात, त्यास्ले चहा द्या."

तुम्ही हसाल, पण ऑफिसच्या फोनवर रोज ऐकू यायचं, "मस्कतमा लाईट शे का?" "मस्कतमा अंधार शे!" एकदा एक नवा साहेब नाशिककडून आला होता. त्याने दोन दिवस हे ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आपण एवढ्या लांब लाईन कधी नेली हो?"

नरडाण्याच्या मस्कतातल्या एका पोराला पाहायला मुलीकडचे पाहुणे आले, तर मुलीच्या मामाने पहिलाच प्रश्न टाकला, "तठे उंट शेतस का?" पोरगा बिचारा खरं बोलणारा. म्हणाला, "शेळ्या शेतस." मध्यस्थाने पत्ता सांगताना 'मुलगा मस्कतला असतो' एवढंच सांगितलं होतं. मामा विमानतळाचीही चौकशी करून आला होता. आणि पायथ्याच्या पाड्यावरच्या शाळेत मुलांना भिंतीवरच्या नकाशात मस्कत सापडलं तेव्हा अख्खा वर्ग नाचला. पोरं धावत घरी गेली, "आपलं गाव समुद्राकाठी आहे!" म्हातारी माणसं कामावरून आलेली. त्यांनी डोंगराकडे पाहिलं, खाली शेतांकडे पाहिलं, आणि म्हणाली, असेल बुवा. मास्तर सांगतात तर असेल.

हे सगळं मी बघत होतो, ऐकत होतो आणि गालातल्या गालात हसत होतो. बापाला पोरांचं कौतुक असतंच. इथपर्यंत कोणाचं काही वाईट झालं नव्हतं. वाईट मी केलं ते निवृत्तीनंतर.

नरडाण्याच्या मस्कतात मारुतीचं देऊळ बांधलं. कलशारोहणाला जुन्या माणसांचा सत्कार होता, त्यात मलाही बोलावलं. जन्मभर खांबावर चढलो, पण स्टेजवर पहिल्यांदाच चढत होतो. शाल आली, नारळ आला, टोपी आली. मग वस्तीतल्या जाणत्या म्हाताऱ्याने, ज्याला सगळे बापू म्हणतात, माईक माझ्या तोंडाशी धरला. "नाना, तुम्हीन जुना मानूस. अमळनेरना तिकडे बी मस्कत शे म्हनतस. आमनं नि त्यासनं काय नातं शे?"

आता अशा वेळी काय सांगायचं? तेलाच्या डब्याचा पत्रा होता, असं? अंगावर शाल असताना? समोर बाया-माणसं, पोरंटोरं, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे लागलेले. माझी छाती फुगली आणि तोंडातून निघून गेलं, "एकाच खोडाच्या दोन फांद्या आहात तुम्ही! पणजोबांच्या वेळच्या दुष्काळात निम्मी माणसं पांझरा ओलांडून इकडे आली. गाव मागे राहिलं, नाव तेवढं सोबत आणलं."

टाळ्या अशा पडल्या की मलाच ते खरं वाटलं. बापूने डोळे पुसले.

मला वाटलं, भाषण संपलं, जेवण झालं, विषय मिटला. पण ही माणसं ऐकलेलं सोडून देणारी नव्हती. त्याच आठवड्यात दोन ट्रॉल्या भरून नरडाण्याचे मस्कत धरणगावकडच्या मस्कताकडे निघाले. तिकडे जाणते होते ते आबा. बापू ट्रॉलीतून उतरला आणि म्हणाला, "भाऊ, आम्हीन उनूत." आम्ही आलो, एवढंच. पुढे कोणी काही विचारलं नाही. भरीत झालं, कळण्याच्या भाकरी झाल्या, बायांनी एकमेकींच्या गळ्यात पडून रडून घेतलं. कोणासाठी रडत होत्या ते त्यांनाही माहीत नसणार. त्यानंतर राख्या जायला लागल्या. एकीकडे कोणी गेलं की दुसरीकडे सुतक पाळलं जायचं. एकदा एका पोराचा साखरपुडा अशा सुतकासाठी पुढे ढकलला गेला, आणि गेलेला माणूस त्याचा कोणीही नव्हता. हे मला कळलं. तरी मी गप्प राहिलो. आबा आणि बापू या दोघांना उतारवयात भाऊ मिळाला होता. दर महिन्याला एक दुसऱ्याकडे जायचा, आणि दिवसभर एकमेकांना येडा, बैल, ढोर म्हणत बसायचे. असं सुख मोडायला मी कोण?

मग गेल्या उन्हाळ्यात फोन आला. मी नशिराबादला असतो, मुलाकडे. तिकडून मुलीचा आवाज.

"नाना, मी मस्कतहून बोलते."

"कुठल्या?" मी विचारलं.

ती हळूच म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

ती आबांची नात होती. नरडाण्याला औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात माल तपासायच्या खोलीत काम करायची. त्याच कारखान्यात मशिनी दुरुस्त करणारा एक मुलगा होता, बापूचा नातू. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, गाव कोणतं? ती म्हणाली, मस्कत. तो म्हणाला, थट्टा करू नका, माझं आहे ते. अशी सुरुवात झाली, आणि वर्षभरात दोघांचं ठरलं. घरी सांगितलं तर आबा ताडकन उठले. एका गावची पोरं म्हणजे बहीण-भाऊ. त्यात ही तर एका खोडाची. लग्नाचं नाव काढायचं नाही. आणि तिच्यासाठी दुसरीकडचं स्थळ आणलं, मुलगा पाहायला येणार होता.

"बाबा म्हणाले, जुन्या वायरमनला विचार. नाना, खरं काय आहे?"

मी तिला सगळं सांगितलं. पत्र्यापासून शालीपर्यंत. ती इतकी हसली की मला वाटलं रडते आहे, आणि मग खरंच रडायला लागली.

"हे तुम्ही आबांना येऊन सांगाल?"

मी हो म्हटलं. आमची मंडळी आतून सगळं ऐकत होती. म्हणाली, "जन्मभर दुसऱ्याच्या घरात उजेड पाडला. आता जा, स्वतःचाही पाडून घ्या."

पाहुणा यायच्या आधीच्या रविवारी मी गेलो. मुलीने नरडाण्याहून बापूला आणि नातवाला बोलावून घेतलं होतं. दोघं रेल्वेने अमळनेरला उतरून आले. अंगणात निंबाखाली बाजा टाकलेल्या. एका बाजेवर आबा आणि बापू शेजारी-शेजारी, एका पानपुड्यातलं पान खात. मुलीचे वडील खांबाला टेकून. आबांची बायको, सगळ्यांची अक्का, उंबऱ्यात शेंगा फोडत बसलेली. मुलगा आणि मुलगी अंगणाच्या दोन टोकांना अशी उभी, की एकमेकांची ओळखच नाही.

मी उभा राहून बोललो. बसायला सांगितलं तरी बसलो नाही. डाळिंब सांगितलं, डबा सांगितला, दोन्ही बदल्या सांगितल्या, स्टेज सांगितलं. "आबा, बापू, तुमचं काही नातं नाही. गावाचं नाव मी ठेवलं. मी खोटं बोललो."

आबांनी पानाची पिंक टाकली आणि शांतपणे विचारलं, "दारू पीसन उनात का नाना?"

बापू म्हणाला, "उन लागनं व्हई त्यासले. नशिराबादथीन उनात." आणि माझ्यासाठी पाणी मागवलं.

"अहो, खरं सांगतोय!"

"गावनं नाव वायरमन ठेवस?" आबा म्हणाले. "उद्या म्हनशात, म्हसोबा बी मीच बसाडा. म्हसोबावरथीनच मस्कत शे, हाई बठ्ठासले माहीत शे."

"सगळ्यांना? कोणी सांगितलं?"

"मना बापनी."

आबांचे वडील डीपी यायच्या कितीतरी आधी वारले होते. हे मी बोललो असतो तर मार खाल्ला असता. झाड कधीच वाळून गेलेलं. पत्रा भंगारात. माझ्याकडे पुरावा म्हणून माझी जीभ तेवढी होती, आणि तिची काय पत होती ते वर सांगितलंच आहे. जन्मात एकदा धडधडीत खोटं बोललो, त्यावर दोन गावं उभी राहिली. आता खरं बोलतोय तर पाणी पाजतायत! मला तिथेच हसू फुटलं. आवरेना. मला पाहून बापूही हसायला लागला, आबाही. मुलगी मात्र हसत नव्हती. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिची पाठ पाहिली आणि माझं हसू थांबलं.

तेव्हा उंबऱ्यातून अक्काने, शेंगा फोडता फोडता, बापूला विचारलं, "तुमनं देवक काय शे हो?"

लग्न ठरवताना आपल्याकडे पहिला प्रश्न हा असतो. दोन घरांचं देवक एक निघालं तर सोयरीक होत नाही, वेगळं असेल तर पुढचं बोलणं. कोणत्याही परक्या घराला दारातच विचारतात. पण हे दोघे ट्रॉलीतून उतरल्या क्षणापासून भाऊ. भावाला त्याचं देवक कोण विचारणार? एवढ्या वर्षांत, एवढ्या राख्यांत, एवढ्या सुतकांत कोणी कोणाला विचारलंच नव्हतं.

बापू सहज म्हणाला, "उंबर."

आबांचं पान तोंडात थांबलं. "उंबर कसं? वेळू ना."

"आमनं उंबर शे."

"आपलं वेळू शे!"

"तुमनं व्हई!"

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. मी नजर चोरली. अक्का म्हणाली, "एक खोडले वेळू बी नि उंबर बी कसं लागनं?" आणि फोलपटं झटकून उठली.

आबांनी पानपुडा उचलला, परत ठेवला. नात उभी होती तिकडे पाहिलं, नातू उभा होता तिकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. पण बोलले ते भलतंच.

"मना भाऊ गया ना मंग."

मुलीचं लग्न वाचवायला आलो होतो, आणि म्हाताऱ्याचा भाऊ घेऊन निघालो होतो.

बापूने त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली. "जास कोठे? आठेच शे मी. आते तुना याही व्हयनू."

व्याही! आबा उसळले. "हाईच ते दुख शे ना! भाऊले येडा म्हनता येस. याहीले अहो-जाहो करनं पडस. बारा महिने मान ठेवा, टोपी द्या, पाटवर बसाडा. आते याले मी बैल कसं म्हनू?"

"चोरीसन म्हन," बापू म्हणाला.

अंगण हसून लोळलं. मुलीचे वडील खांबाला धरून हसत होते. मुलगी हसत-रडत आत पळाली आणि अक्काच्या अंगावर आदळली. मुलगा तेवढा जागेवर खिळलेला, आपलं लग्न ठरलं की नाही याचा त्याला अजून पत्ता नव्हता. शेवटी आबांनीच त्याला हाक मारली, "ए पोऱ्या, इकडे ये. आते पाय पडी ले. पहिलेसारखं 'आबा राम राम' करीसन चालाव नही."

लग्न दिवाळीनंतर झालं, आणि मला दोन्हीकडून पत्रिका आली. व्याहीभेटीला दोन्ही म्हातारे पागोटी घालून असे ताठ समोरासमोर आले की ओळखू येईनात. "या व्याही." "बसा व्याही." प्रमाण मराठीत! पंगतीपर्यंत हे टिकलं. तिथे बापूने आबांच्या ताटात आग्रहाने सातवी पुरणपोळी टाकली आणि आबा अख्ख्या मांडवात ओरडले, "ये बैल! मारी टाकस का मले?" नवरदेवाकडच्या पाहुण्यांच्या भुवया वर चढल्या. बापू तुपाची वाटी हातात धरून इतका खूश झाला की त्याने आठवीही टाकली.

राहिली एक अडचण, आणि तीही माझीच देणगी. आपल्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावाने हाक मारायची रीत आहे. पारोळ्याची आली तर पारोळावाली, चोपड्याची आली तर चोपडावाली. तिचं स्वतःचं नाव सासरी पुष्कळांना माहीतही नसतं. ही मस्कतची मस्कतात आली. सासूने पहिल्या सकाळी अंगणातून हाकारलं, "ओ मस्कतवाली!" तर वस्तीतल्या सगळ्या बाया दारात आल्या. माहेर कुठलंही असो, राहायला सगळ्याच मस्कतवाल्या. दोन दिवस असा गोंधळ चालला. मग नव्या सुनेनेच सासूला सांगितलं, "आई, तुम्ही मला माझ्या नावाने हाक मारा ना."

सासूने विचार केला. दुसरा उपायही नव्हता. त्या वस्तीत आज ती एकटी सून आहे, जिला सगळे तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारतात. मागच्या महिन्यात मी गेलो होतो तेव्हा शेजारच्या दोन बायाही आपापल्या सासूशी हुज्जत घालत होत्या: तिले नाव शे, आमले काब्र नही?

नाव गोड आहे तिचं. पण इथे लिहीत नाही. माझ्या हातून नाव एकदा निघालं, की कुठवर जाईल याचा भरवसा नाही.